फ्रान्सच्या खेड्यातला शेजार

फ्रान्स म्हटले की आयफेल टॉवर आणि पॅरिसचे झगमगते रस्ते एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. पण त्या देशात लहानमोठ्या मिळून सुमारे ३५ हजार ग्रामपंचायती आहेत. त्यांना तिथे 'कम्यून' म्हणतात, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी पाचशे माणसेही राहत नाहीत. आपल्या महाराष्ट्राची लोकसंख्या फ्रान्सच्या जवळजवळ दुप्पट, तरी आपल्या ग्रामपंचायती २८ हजारांच्या आसपास. दीडशे उंबऱ्यांच्या गावालाही तिथे स्वतःचा मेयर असतो, झेंडा लावलेली कचेरी असते. ती कचेरी आठवड्यातून दोन-तीन वेळा, अर्धा अर्धा दिवस उघडते एवढेच.

मागच्या उन्हाळी सुटीत अशाच एका गावात आम्ही उभयतांनी साडेतीन आठवडे काढले. आमचा भाचा तुलूझ शहरात विमानाच्या कारखान्यात नोकरीला आहे. मुलांना अंगण मिळावे म्हणून त्याने शहराच्या पश्चिमेला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, झेर्स जिल्ह्यातल्या एका खेड्यात जुने दगडी घर भाड्याने घेतले आहे. त्याला तिथे पाच वर्षे झाली. गावाचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही, कारण चारशे वस्तीच्या गावात प्रत्येक माणूस ओळखू येतो.

झेर्स हा शेतीचा जिल्हा. गहू, सूर्यफूल आणि बदके. चौरस किलोमीटरला जेमतेम तीस माणसे; आपल्याकडे हाच आकडा साडेतीनशेच्या वर आहे. जवळच सामातां नावाच्या गावी दर सोमवारी बदके आणि हंस यांचा मोठा बाजार भरतो. बदकाच्या घशात नळीने मका भरून त्याचे काळीज फुगवतात आणि ते काळीज तिकडची सर्वांत मोठी मेजवानी समजले जाते. ते ऐकल्यावर आमची भूक मेली, हे इथे सांगून टाकतो.

पहिल्या दिवशी दुपारी बारा वाजता चर्चची घंटा झाली आणि पाच मिनिटांत गाव निर्मनुष्य झाले. दोन वाजेपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नाही. औषधाचे दुकान बंद, पोस्ट बंद, गॅरेज बंद. सगळे जेवायला बसलेले. आमच्या कोकणातल्या मोहल्ल्यात या वेळेला एखादी शेजारीण वाटीत कालवण झाकून मागच्या दाराने आत येते, "काय केलंत आज?" म्हणून टोपावरचे झाकण उचलते. इथे कोणी न कळवता कोणाच्या दारी जात नाही. सख्खा मुलगाही आईकडे जाण्यापूर्वी फोन करतो.

सूनबाईचे, म्हणजे भाच्याच्या पत्नीचे, पहिले वर्ष त्यामुळे फार जड गेले. ती चिपळूणची, भरल्या घरातली. भाचा सकाळी सातला जाई तो संध्याकाळी सातला येई. फ्रेंचचे चार शब्द येत नव्हते. "मुमानी, पहिल्या हिवाळ्यात मी रेडिओ लावून ठेवायचे, भाषा कळायची नाही, पण घरात कोणीतरी बोलतंय असं वाटायचं," हे तिने आम्हांला भांडी घासता घासता सांगितले. लोक वाईट होते काय? तसे मुळीच नाही. सगळे हसून सलाम करीत. पण सलामाच्या पुढे गाडी जात नव्हती, आणि ती पुढे कशी न्यायची याचे कायदे तिला कोणी सांगितलेले नव्हते.

हे कायदे लिहिलेले नसतात, पण पक्के असतात. पहिला कायदा 'बाँजूर'चा. दुकानात शिरल्यावर, बसमध्ये चढल्यावर, दवाखान्यात बाकावर बसताना आधी बाँजूर म्हणायचे, मग कामाचे बोलायचे. आपल्याकडे दुकानदाराला आपण थेट "अर्धा किलो साखर द्या" म्हणतो, त्यात कोणाला काही वाटत नाही. तिथे बाँजूर न म्हणता काही मागणे म्हणजे उद्धटपणा, आणि तो लक्षात ठेवला जातो. आम्हांला यात नवल वाटले नाही. आत शिरताना आधी सलाम करावा हे आपल्या घराघरांत लहानपणीच शिकवतात.

दुसरा कायदा 'वू' आणि 'त्यू'चा. 'वू' म्हणजे आपले 'तुम्ही', 'त्यू' म्हणजे 'तू'. मराठी आणि उर्दू बोलणाऱ्याला हा फरक समजवावा लागत नाही. पण आपल्याकडे वय आणि नाते पाहून आपोआप ठरते, तिथे मात्र 'तुम्ही'वरून 'तू'वर येणे हा एक ठरवून घेतलेला क्षण असतो. बहुधा वडीलधारा माणूस विचारतो, "आपण आता तू म्हणू या का?" समोरच्या घरातल्या मादामने सूनबाईला हे तिसऱ्या वर्षी विचारले. ती तारीख सूनबाईच्या लक्षात आहे.

तिसरा गालाला गाल लावण्याचा, ज्याला ते 'बीझ' म्हणतात. किती वेळा लावायचा हे प्रांतागणिक बदलते. कुठे दोनदा, कुठे तीनदा, कुठे चारदाही. स्त्री-पुरुषांतही ही पद्धत चालते, आणि आपल्या घरांसाठी अडचण तिथेच येते. भाचा आणि सूनबाई दोघेही छातीवर हात ठेवून किंचित वाकतात. सुरुवातीला लोक गोंधळले. पण कोरोनाच्या साथीनंतर पुष्कळ फ्रेंच लोकांनीच ही रीत कमी केली आहे, त्यामुळे आता कोणी मनावर घेत नाही.

गावात पूर्वी बेकरी होती. पाव ही त्या लोकांची भाकरी. तो लांब पाव, बागेत, साधारण अडीचशे ग्रॅमचा, रोज ताजा आणावा लागतो. दुसऱ्या दिवशी तो काठीसारखा कडक होतो. हा पाव करण्याच्या कलेला २०२२ साली युनेस्कोने आपल्या वारशाच्या यादीत घेतले. पण त्याच सुमारास कितीतरी खेड्यांतल्या बेकऱ्या मात्र बंद पडत होत्या. म्हातारा भट्टीवाला निवृत्त होतो, पहाटे तीनला उठायला तरुण तयार नसतात, आणि गाडीने वीस मिनिटांवर मोठा बाजार असतो. भाच्याच्या गावात आता कचेरीच्या भिंतीला एक यंत्र बसवले आहे. नाणे टाकले की पाव खाली पडतो. शेजारच्या गावचा बेकरीवाला सकाळी ते भरून जातो. सोय झाली खरी, पण यंत्राला बाँजूर म्हणता येत नाही. पूर्वी त्या बेकरीच्या रांगेत कोणाचा गुडघा दुखतो, कोणाच्या सुनेला दिवस गेले, हे सारे कळायचे, असे तिथल्या बायका सांगतात.

तीच गत कॅफेची. १९६० च्या सुमारास देशात दोन लाखांच्या आसपास कॅफे होते, आज चाळीस हजारही उरलेले नाहीत. कॅफेत दारू मिळते, म्हणून ते बंद झाले तर आपल्याला वाईट का वाटावे, असे कोणी म्हणेल. पण खेड्यात कॅफे म्हणजे नुसता गुत्ता नव्हे. तिथे वर्तमानपत्र, टपालाची तिकिटे, कॉफी, पत्ते आणि गावच्या बातम्या सगळे एका छपराखाली असते. तो गेला की म्हाताऱ्यांना घराबाहेर पडायला कारण राहत नाही. २०१९ मध्ये लहान गावांत हजार कॅफे पुन्हा उघडण्याची एक मोहीम सुरू झाली, ती याचसाठी. आणि २०१८ च्या नोव्हेंबरात पिवळी जाकिटे घालून लोक पेट्रोल-डिझेलच्या करावरून रस्त्यांच्या चौकांत बसले, ते आंदोलन वाचकांना आठवत असेल. त्यातल्या कित्येकांनी पत्रकारांना सांगितले की, त्या शेकोटीभोवती आम्ही आमच्या शेजाऱ्यांशी पहिल्यांदा बोललो.

सूनबाईला पहिली वाट सापडली ती शाळेच्या फाटकापाशी. साडेचारला शाळा सुटते; आया दहा मिनिटे आधी येऊन उभ्या राहतात. २००४ च्या कायद्याने सरकारी शाळेत मुलींना डोक्यावर स्कार्फ घेता येत नाही. पण तो कायदा विद्यार्थ्यांना आहे, फाटकाबाहेर उभ्या असलेल्या आईला नाही. सूनबाई ओढणी घेऊनच जाई. पहिले काही महिने ती एका बाजूला उभी राहत असे. मग एका आईने विचारले की तुमची मुलगी शाळेच्या खानावळीत काय जेवते? २०१९ पासून फ्रान्समधल्या शाळांच्या खानावळीत आठवड्यातून एक दिवस तरी शाकाहारी जेवण द्यावे लागते. बाकीच्या दिवशी डबा नेता येत नाही, म्हणून सूनबाई मुलीला दुपारी घरी आणीत होती. त्या बाईचीही मुलगी मांस खात नव्हती. दोघी मिळून कचेरीत गेल्या. फार काही बदलले नाही, पण जाता-येता गाडीत दोघींची दोस्ती झाली.

आता त्या गोष्टीकडे येऊ, जी वाचकांच्या मनात केव्हाची असेल. तिथे मैत्रीचे दार म्हणजे 'अपेरो'. संध्याकाळी साडेसहा-सातला एकमेकांना घरी बोलावतात. बाहेर मेज मांडतात, खारे बदाम, ऑलिव्ह, डुकराच्या मांसाचे सुके काप, आणि दारू. दीड-दोन तास बसायचे, मग उठायचे. जेवणाचे आमंत्रण वेगळे असते. नवीन माणसाला थेट जेवायला कोणी बोलावीत नाही, आधी अपेरोला बोलावून पारखतात. म्हणजे ज्याने अपेरोला नकार दिला त्याने दारातूनच पाठ फिरवली असे होते.

पहिले आमंत्रण आले तेव्हा भाच्याने आपल्या वालिदांना, आमच्या दुल्हाभाईंना, फोन केला. त्यांचे उत्तर स्पष्ट होते: ज्या मेजावर दारू मांडली जाते तिथे आपण बसू नये, मग प्यायची नसली तरी. भाचा म्हणाला, "अब्बा, मग मी इथे कोणाबरोबरच बसायचं नाही." यावर घरात बरेच दिवस वाद चालला. दुल्हाभाईंचे म्हणणे दीनदार माणसाचे आहे, आम्ही ते खोडून काढणार नाही. पण सूनबाईचा तो रेडिओही आमच्या कानांत आहे.

शेवटी तोड सूनबाईनेच काढली. त्या लोकांत दुपारी साडेचार-पाचला 'गूते' नावाचा एक प्रकार असतो. शाळेतून आलेल्या मुलांना पाव, चॉकलेट, केक, फळे देतात, मोठी माणसे कॉफी किंवा चहा घेतात. यात दारूचा प्रश्नच नसतो. तिने बायकांना मुलांसह गूतेला बोलवायला सुरुवात केली. ज्यांनी अपेरोला बोलावले होते त्यांना भाच्याने सरळ सांगितले, "आम्ही दारू पीत नाही आणि दारूच्या मेजावर बसत नाही, पण तुम्ही रविवारी आमच्याकडे दुपारचे जेवायला या." गाडी चालवायची आहे, औषध चालू आहे, अशा सबबी त्याने सांगितल्या नाहीत. हे त्याने फार चांगले केले असे आम्हांला वाटते. फ्रेंच माणसाला सबब लगेच कळते, आणि साफ बोललेले त्याला चालते. काहींनी आमंत्रण स्वीकारले, दोन घरे दुरावली. त्यातले एक अजून दूरच आहे.

जेवायला येतात तेव्हा त्यांच्या रीती पाहण्यासारख्या. ठरल्या वेळेच्या दहा-पंधरा मिनिटे उशिरा येतात, कारण वेळेआधी येणे म्हणजे घरच्या बाईची फजिती; तुलूझकडे तर या उशिराला 'तुलूझचा पाव तास' असे नावच आहे. हातात काहीतरी आणतात. फुले आणली तर शेवंतीची कधीच नाही. शेवंती तिकडे नोव्हेंबरात कबरींवर वाहतात. पगार किती, घरभाडे किती, मूल का नाही, धर्म कोणता, हे विचारीत नाहीत. जेवणावर मात्र दीड तास बोलतात. जेवता जेवता दुसऱ्या जेवणाविषयी बोलणारी माणसे आम्ही कोकणाबाहेर पहिल्यांदा पाहिली.

डाव्या बाजूला एक सत्तरीचे शिकारी गृहस्थ राहतात. पहिल्याच डिसेंबरात ते वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक मोठे पुडके घेऊन दारात आले. सूनबाईने भाषा न कळता हसून घेतले. संध्याकाळी भाच्याने उघडले तर रानडुकराची तंगडी! गावात नव्या माणसाला शिकारीचा वाटा देणे हा तिथे मोठा मान. दुसऱ्या दिवशी भाचा तंगडी घेऊन त्यांच्याकडे गेला आणि खुलासा केला. म्हातारबोवा लालेलाल झाले, काही न बोलता आत गेले, आणि अक्रोडांची पिशवी घेऊन बाहेर आले. तेव्हापासून दर वर्षी अक्रोड येतात, आणि इकडून ईदला शीरखुर्मा जातो.

त्यांच्यामुळेच भाचा पेतांक खेळायला लागला. लोखंडी गोळे फेकायचा हा खेळ १९०७ च्या सुमारास दक्षिणेतल्या ला सिओता गावी सुरू झाला. संधिवातामुळे धावता न येणाऱ्या एका खेळाडूसाठी पाय न हलवता खेळायची रीत काढली गेली, असे सांगतात. सहा ते दहा मीटरवर एक छोटी लाकडी गोळी टाकायची आणि आपला गोळा तिच्याजवळ नेऊन ठेवायचा. या लाकडी गोळीला ते 'कोशोने' म्हणतात, म्हणजे डुकराचे पिल्लू. भाचा म्हणतो, "मामू, मी याच एका डुकराच्या जवळ जातो." शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या मोकळ्या जागेत दहा-बारा माणसे जमतात. शेतकरी, निवृत्त शिक्षक, एक इंग्रज जोडपे आणि आमचा भाचा. आम्हीही दोनदा खेळलो. एका निवृत्त शिक्षकाशी वर्गातल्या पटसंख्येवर, पालकांवर आणि बदल्यांवर खाणाखुणांनी तासभर बोललो. दुखणी तीच आहेत.

तिथे चार माणसे एकत्र आली की 'संस्था' स्थापन करतात. १ जुलै १९०१ च्या कायद्याने हे फार सोपे करून ठेवले आहे. भाच्याच्या चारशे वस्तीच्या गावात पेतांकची संस्था, शिकारीची, शाळेच्या पालकांची, जुनी पुस्तके वाटणारी आणि उत्सव समिती अशा पाच आहेत. हिवाळ्यात उत्सव समिती सभागृहात सोडत ठेवते आणि बक्षीस म्हणून बदक किंवा डुकराची मांडी देते. तिकडे भाचा जात नाही. पण जुन्या सामानाच्या बाजाराच्या दिवशी मेजे उचलायला तो पहाटे सहाला हजर असतो. अग्निशमन दलही बहुतेक स्वयंसेवकांचेच आहे. वर्षाअखेरीस ते घरोघर येऊन दिनदर्शिका विकतात, आणि त्यांना उभ्यानेच परत पाठवणे बरे दिसत नाही. सूनबाई त्यांना चहा देते.

आम्ही असतानाच मे महिन्याच्या अखेरीस 'शेजाऱ्यांचा दिवस' आला. हा दिवस १९९९ साली पॅरिसच्या सतराव्या विभागात अतानाझ पेरिफां या लोकप्रतिनिधीने सुरू केला. त्याच्या भागात एक वृद्ध बाई घरात मरण पावल्याचे कित्येक महिने कोणाला कळलेच नव्हते, त्यावरून त्याला हे सुचले. आता देशभर रस्त्यावर मेजे मांडून लोक आपापल्या घरचे पदार्थ आणतात. सूनबाईने शंभर समोसे तळले. फ्रेंच लोकांना समोसा नवा नाही, ते त्याला 'सामुसा' म्हणतात. तो त्यांच्याकडे हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावरून पोचला, आणि त्या फ्रेंच बेटावर सुरतेकडच्या गुजराती मुसलमानांची जुनी वस्ती आहे. तिथली नूर-ए-इस्लाम मशीद १९०५ ची, म्हणजे धर्म आणि सरकार वेगळे करणारा फ्रान्सचा प्रसिद्ध कायदा झाला त्याच वर्षाची. हे आम्ही भाच्यामार्फत मेजावर सांगितले तेव्हा मेयरबाईंनाही ते ठाऊक नव्हते. मेजाच्या एका टोकाला रसाच्या बाटल्या, दुसऱ्या टोकाला दारू, अशी मांडणी आधीच केलेली होती. कोणी केली हे आम्ही विचारले नाही. साडेनऊच्या सुमारास सूर्य मावळला तेव्हा आम्ही मगरिबसाठी घरी आलो आणि परत गेलो. कोणी आमच्या जाण्याकडे वळून पाहिले नाही.

त्या भागातले मुसलमान सगळेच असे पगारदार नाहीत, हेही सांगितले पाहिजे. मोइसाकच्या बाजूला द्राक्षे आणि फळबागांत मोरोक्कोचे मजूर राबतात. अल्जीरियाच्या युद्धात फ्रान्सच्या बाजूने लढलेल्या 'हारकी' कुटुंबांना १९६२ नंतर दक्षिणेतल्या जंगलांत वेगळ्या वस्त्या करून ठेवले होते, गावापासून दूर. त्यांच्या मुलांना अपेरोचे आमंत्रण यायला किती वर्षे लागली असतील! भाच्याच्या वाट्याला आलेला शेजार सगळ्यांच्या वाट्याला येतो असे आम्ही लिहिणार नाही. शनिवारच्या बाजारात एक मोरोक्कन ऑलिव्हवाले भेटले. तीस वर्षे त्या भागात आहेत, गिऱ्हाईक नावाने ओळखते, पण "घरी जेवायला बोलावलंय ते दोघांनी," असे म्हणाले.

आणि एकटेपण काही फक्त परक्यांच्याच वाट्याला येत नाही. २००३ च्या ऑगस्टमधल्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार माणसे दगावली, त्यांत फार मोठी संख्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांची होती. मुले सुटीवर गेलेली, शेजारी सुटीवर गेलेले. त्यानंतर प्रत्येक कचेरीत अशा वृद्धांची यादी ठेवण्याचा नियम झाला. उष्णता वाढली की कचेरीतून त्यांना फोन करतात. टपाल खाते तर २०१७ पासून पैसे घेऊन पोस्टमनला म्हाताऱ्या आईबापांच्या चौकशीला पाठवते. आपल्याकडे हे ऐकून लोक हसतील. पण मुंबईच्या इमारतींत आणि ज्यांची मुले आखातात आहेत अशा आपल्या कोकणातल्या बंद दारांच्या घरांत काय चालले आहे, तेही आपण पाहतो.

समोरच्या मादाम ऐंशीच्या पुढे आहेत, एकट्या राहतात. तिकडे खिडक्यांना लाकडी झडपा असतात. रात्री लावतात, सकाळी उघडतात. सूनबाई मुलीला शाळेत सोडून आली की आधी समोर पाहते. नऊपर्यंत झडपा उघडलेल्या नसल्या तर ती दार वाजवते, फोन न करता. मादामनेच तिला तसे सांगून ठेवले आहे आणि किल्लीही दिली आहे. येत्या ऑगस्टमध्ये भाचा सहकुटुंब महिनाभर चिपळूणला येणार आहे. त्या महिन्यात झडपांकडे कोणी पाहायचे, हे सूनबाई आणि शिकारी आजोबा यांनी आमच्यासमोर, अंगणातल्या बाकावर बसून ठरवले. सकाळचे आजोबांकडे आणि संध्याकाळचे त्या शाळेच्या फाटकापाशी भेटलेल्या मैत्रिणीकडे.